वामनवृक्ष आणि त्याचा घाट

१

मराठीत 'बोन्साय' हा शब्द रुळला तो मुख्यतः निंदेचा शब्द म्हणून. ज्याची वाढ खुंटली, ज्याची मुळे छाटली गेली, ज्याला मोकळे आभाळ लाभले नाही, अशा माणसाला, संस्थेला, फार काय एखाद्या वाङ्मयप्रकारालाही आपण बोन्साय म्हणून मोकळे होतो. हे रूपक वापरायला सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु ज्या वस्तूवरून ते उचलले तिच्यावर मात्र ते अन्याय करते. उपाशी ठेवलेल्या झाडाचे बोन्साय होत नाही. मूळ छाटायचे ते नव्या बारीक मुळांना वाव मिळावा म्हणून, शेंडा खुडायचा तो खालचे निजलेले डोळे फुटावेत म्हणून. ज्या झाडात जोम नाही ते छाटणीला उत्तरच देत नाही आणि उत्तर न देणाऱ्या झाडाशी कलावंताला काही बोलता येत नाही. तेव्हा खुरटलेपणा आणि लहानपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे प्रथमच मान्य केलेले बरे. आपल्याकडे बोन्सायला 'वामनवृक्ष' असा एक प्रतिशब्द आहे. तो कोणी योजला असेल त्याने नकळत एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. वामन हा आकाराने बटू होता, पण तो खुजा नव्हता. त्याची पावले मोजायला बळीची सारी भूमी अपुरी पडली.

वीतभर उंचीच्या झाडात महावृक्षाचे पाऊल कसे मावते, हा ह्या कलेपुढचा प्रश्न आहे. आणि ही कला शिकणाऱ्यापुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. माती कशी मिसळावी, पाणी केव्हा द्यावे, तार कशी गुंडाळावी, हे सारे शिकवता येते आणि शिकताही येते. पण फांदी कोणती ठेवावी आणि कोणती काढावी, खोडाची पुढची बाजू कोणती, झाडाने कोठे वळावे आणि कोठे थांबावे, हे शिकवता येते काय? येत असेल तर ते कशाच्या रूपाने शिकवायचे, नियमांच्या की नमुन्यांच्या?

२

ह्या प्रश्नाचा विचार करताना एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. बोन्सायचे नियम हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या ऋषितुल्य माळ्यांनी घालून दिले आहेत असा एक समज शिकणाऱ्यांत असतो. झाड कुंडीत लावून त्याच्याकडे रसिकतेने पाहण्याची प्रथा जुनी आहे, हे खरेच. चीनमध्ये राजपुत्र चांगह्वाई याच्या इ. स. ७०६ च्या थडग्यातील भित्तिचित्रात एक सेवक तबकातले इवलेसे निसर्गदृश्य हाती धरून उभा आहे. जपानमध्ये १३०९ सालच्या कासुगा देवस्थानाच्या चित्रपटात कुंड्यांतली झाडे दिसतात. 'हाचिनोकी' म्हणजे 'कुंडीतले झाड' ह्या नावाचे एक प्रसिद्ध नो नाट्य आहे. त्यात हिमवर्षावात वाट चुकलेल्या एका साधूला ऊब मिळावी म्हणून सानो गेन्झाएमोन हा दरिद्री सामुराई आपली जिवापाड जपलेली तीन झाडे, एक आलुबुखारजातीचे, एक चेरीचे आणि एक पाइनचे, तोडून जाळतो. ज्या समाजाच्या नाटकात त्यागाचे परमोच्च मूल्य म्हणून कुंडीतली तीन झाडे येऊ शकतात, त्या समाजाला ती झाडे नुसती शोभेची वाटत नव्हती हे उघड आहे.

परंतु आज आपण ज्याला बोन्साय म्हणून ओळखतो तो घाट एवढा जुना नाही. एदो काळात लोकप्रिय असलेल्या कुंडीतल्या झाडांत 'ताको-झुकुरी' म्हणजे अष्टपादासारखी, फांद्यांना वेटोळी घातलेली झाडे होती. त्यांत कसब भरपूर होते आणि झाडपण थोडे. पुढे एकोणिसाव्या शतकात क्योतो-ओसाका भागातील, चिनी चित्रकलेवर आणि काव्यावर पोसलेल्या पंडित-रसिकांनी ह्या कसरतीकडे पाठ फिरवली आणि डोंगरकड्यावरचे झाड आपल्या अभ्यासिकेत आणले. तांब्याची तार भट्टीत तापवून मऊ करायची आणि फांदीभोवती गुंडाळून तिला हवे ते वळण द्यायचे, हे आज ह्या कलेचे लक्षणच वाटणारे तंत्र त्याहीनंतर रूढ झाले. १९२३ च्या भूकंपाने तोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तिथले काही बोन्सायकार शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ साली त्यांनी तिथे आपले गाव वसवले. १९३४ पासून तोकियोच्या उएनो भागातील कलासंग्रहालयात 'कोकुफू-तेन' हे प्रदर्शन भरू लागले आणि जिथे चित्रे नि शिल्पे मांडली जात तिथे ही झाडे जाऊन बसली. नियमांची आटोपशीर यादी तर परक्यांना शिकवण्याच्या गरजेतून अधिक पक्की झाली. युजी योशिमुरा यांनी १९५२ साली तोकियोत परदेशी लोकांसाठी वर्ग सुरू केले आणि १९५७ साली जोव्हाना हॅल्फर्ड यांच्यासह इंग्रजीत पुस्तक लिहिले. गुरूच्या अंगणात पाच-पाच, दहा-दहा वर्षे झाडलोट करीत जे डोळ्यांनी उचलायचे, ते आता पानावर आकृत्या काढून सांगणे भाग पडले.

म्हणजे नियम हे ह्या कलेचे मूळ नव्हे. आधी डोळा आला, मग हात आला आणि सर्वांत शेवटी नियम आला. शिकणारा मात्र उलट्या टोकाने चालू लागतो.

३

ह्याचा अर्थ नियम निरर्थक आहेत असा नाही. ते पाहूच. मुळे खोडापासून चहूकडे पसरलेली आणि मातीवर थोडी उघडी दिसावीत. ह्याला 'नेबारी' म्हणतात. खोड तळाशी जाड आणि वर निमुळते होत जावे. पहिली फांदी साधारण एक-तृतीयांश उंचीवर निघावी, दुसरी तिच्या विरुद्ध अंगाला, तिसरी मागे. खोडाला वळण असेल तर फांदी वळणाच्या बाहेरच्या अंगावर असावी, आतल्या नव्हे. शेंडा किंचित पाहणाऱ्याकडे झुकलेला असावा. कुंडीची खोली खोडाच्या जाडीएवढी असावी.

ही यादी पाठ करणे सोपे आहे. पण तिच्यातल्या प्रत्येक कलमाला 'का?' असे विचारले म्हणजे गंमत दिसू लागते. मुळे उघडी पडतात ती वर्षानुवर्षांच्या पावसाने माती वाहून गेल्यामुळे. म्हणून नेबारी म्हणजे वय. वळणाच्या आतल्या अंगावरच्या फांदीला सावली पडते आणि ती मरते. म्हणून जगलेली फांदी बाहेरची असते. मोठ्या झाडाखाली उभे राहून वर पाहिले तर त्याचा माथा आपल्यावर ओणवल्यासारखा भासतो. म्हणून झुकलेला शेंडा म्हणजे पाहणाऱ्याची उंची. त्या झुकण्यामुळे आपणच लहान होतो आणि वीतभर झाड मोठे होते. पाइनच्या फांद्या खाली उतरलेल्या असतात, कारण शेकडो हिवाळ्यांचे हिम त्यांच्यावर साचलेले असते. सारांश, नियम म्हणजे कारणांची आठवण होय. झाडाच्या आकाराला जी कारणे घडली, ऊन, वारा, हिम, वीज, कडा, शेजारचे झाड, त्यांची संक्षिप्त नोंद नियमात झालेली असते.

माझ्या मते ह्या कलेची सारी कलात्मक शिकवण एका वाक्यात सांगता येईल: घाटाला कारण हवे. ज्या वळणाला कारण आहे ते वळण जिवंत. ज्याला नाही ती नक्षी. 'ताको-झुकुरी' झाडांची वेटोळी आज आपणांस करमणूक वाटतात, कला वाटत नाहीत, त्याचे कारण हेच. कोणत्याही वाऱ्याने, कोणत्याही हिमाने फांदीला तसे वेटोळे पडत नाही.

झाड हे माध्यम असल्यामुळे काही गोष्टी कलावंताच्या इच्छेबाहेरच राहतात आणि तेही कलेला उपकारकच ठरते. छाटणीने पाने लहान करता येतात, पण फूल आणि फळ लहान होत नाही. हातभर उंचीच्या झाडावर पूर्ण आकाराचे फळ लागले की साऱ्या प्रमाणाचा डोलारा कोसळतो. म्हणून जाणता कलावंत मुळातच बारीक फळाची जात निवडतो. माध्यमाशी भांडून नव्हे, तर त्याचा स्वभाव ओळखून निवड करायची, हा धडा प्रत्येक कलेत असतो. इथे तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो एवढेच.

४

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये लयीची जी तीन तत्त्वे मांडली, संवाद, विरोध आणि समतोल, ती बोन्सायला लावून पाहण्याचा मोह कोणालाही व्हावा. आणि ती लागूही पडतात. जॉन नाका यांचे 'गोशिन' हे ह्या कलेतले बहुधा सर्वांत गाजलेले काम. नाका जन्माने अमेरिकन, रक्ताने जपानी (१९१४–२००४). जपानमधल्या एका देवळालगतच्या उंच सुगी वृक्षांच्या राईची आठवण मनात धरून त्यांनी जुनिपरची झाडे एका तबकात एकत्र आणली. १९४८ साली दोन झाडांपासून आरंभ झाला आणि वाढत वाढत नातवंडागणिक एक अशी ती अकरा झाली. 'गोशिन' म्हणजे रक्षक देवता. आपल्याकडे ज्याला देवराई म्हणतात तीच ही कल्पना. १९८४ साली हे वन अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहासाठी देण्यात आले आणि आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे.

अकरा खोडे, सारी सरळ उभी, हा संवाद. पण ही उभी रेघ अकरा वेळा नुसती गिरवलेली नाही. प्रत्येक खोडाची जाडी, उंची आणि शेजाऱ्यापासूनचे अंतर वेगळे आहे. हिरव्या पालवीतून वर निघालेले पांढरेफटक वाळके शेंडे म्हणजे विरोध. आणि सर्वांत उंच खोड बाकीच्यांना आपल्या शिखराखाली आणते तो समतोल. इतके झाल्यावर मर्ढेकरांचा नियम पुरा होतो. परंतु 'गोशिन'चा परिणाम पुरा होत नाही. तो परिणाम ह्या तीन तत्त्वांपलीकडून येतो. शेंडे वाळले आहेत, कारण राईतल्या सर्वांत उंच झाडांवर वीज आधी पडते. खोडे सरळ आहेत, कारण दाट राईत उजेड फक्त वरून मिळतो. खालच्या फांद्या विरळ आहेत, कारण तिथे सावली आहे. आकृती तर आहेच, पण तिच्यामागे एका अरण्याचे चरित्र आहे. केवळ संवेदनांच्या संबंधांतून सौंदर्य सिद्ध होते ह्या सिद्धांताला बोन्साय फार नम्रपणे पण निश्चितपणे हरकत घेते. ते म्हणते, ह्या रेषा अशाच का, हेही मला विचारा.

नाका आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असत की, बोन्साय झाडासारखे दिसले पाहिजे. झाड बोन्सायसारखे दिसता कामा नये. फांद्यांच्या मधून पाखरांना उडायला वाट ठेवा, असेही त्यांचे सांगणे असे. ह्या साध्या बोलांत जपानी कलेतील 'मा' म्हणजे रिकाम्या जागेची सारी जाणीव आली आहे. गवई समेच्या आधी जी जागा सोडतो ती गाण्यातच मोजायची असते, तसेच हे.

५

मग नियमाचे काय करायचे? ह्याला सर्वांत चांगले उत्तर 'बुंजिन' ह्या घाटात मिळते. बुंजिन म्हणजे पंडितांचे झाड. बारीक, उंच, वळत गेलेले खोड. खाली एकही फांदी नाही. माथ्याशी चार पानांचा झुबका. जाडी नाही, पहिली फांदी एक-तृतीयांशावर नाही, नेबारी जेमतेम. पाठ्यपुस्तकातले बहुतेक नियम इथे मोडलेले असतात आणि तरीही ते झाड खोटे वाटत नाही. कारण दाटीत उजेडासाठी धडपडून उंच गेलेले आणि मग शेजारी पडल्यामुळे एकटे उरलेले झाड असेच असते. हा घाट चिनी पंडितांच्या चित्रांतून आला. त्या चित्रकलेचे पाठ 'मोहरीच्या दाण्याएवढा बाग' ह्या अर्थाच्या नावाच्या, १६७९ साली प्रथम निघालेल्या चित्रपोथीत गिरवायला मिळत. म्हणजे बुंजिनसारखा मुक्त घाटसुद्धा गिरवण्यातूनच आला. पण गिरवायची ती रेघ, तिचे माप नव्हे.

दुसऱ्या टोकाला मासाहिको किमुरा आहेत. १९४० साली जन्मलेले किमुरा पंधराव्या वर्षी ओमियात मोतोसुके हामानो यांच्याकडे शिकायला राहिले आणि अकरा वर्षे राहिले. पुढे त्यांनी जुनिपरच्या वाळक्या लाकडाला यंत्राने कोरायला आरंभ केला आणि एकच गहजब उडाला. 'जिन' म्हणजे वाळकी फांदी आणि 'शारी' म्हणजे साल गेलेले पांढरे खोड, ही दोन्ही कड्यावरच्या जुनिपरला निसर्गतः असतातच. परंतु शतकाचे काम दुपारी उरकले, असा आक्षेप आला. हा आक्षेप मला पटत नाही. कोरणी हातातली की विजेवरची, हा कलेचा प्रश्नच नव्हे. खरा प्रश्न असा की, कोरलेल्या लाकडात वादळाची दिशा दिसते की नाही? किमुरांच्या उत्तम कामांत ती दिसते. पांढरे लाकूड आणि जिवंत सालीची एक बारीक पट्टी एकमेकांना वेढीत वर जातात. मरण आणि जगणे एकाच खोडावर शेजारी नांदतात, आणि ती पट्टी तुटली तर माथ्यावरची सारी हिरवाई जाईल ह्या जाणिवेने पाहणाऱ्याचा श्वास अडखळतो. त्यांच्या अनुकरणकारांच्या कामात मात्र वादळ सर्व बाजूंनी एकदम आलेले असते. तिथे यंत्राचा आवाज ऐकू येतो, वाऱ्याचा येत नाही. किमुरांनी स्वतः अकरा वर्षे झाडे पाहिली होती. अनुकरणकारांनी किमुरांना पाहिले. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

६

येथवर आल्यावर आपल्या घरच्या प्रश्नाला हात घालणे भाग आहे. पुण्यामुंबईकडे बोन्सायचा छंद आता चांगला रुजला आहे. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक, चिंच, बोगनवेल ही झाडे आपल्या हवेत जोमाने वाढतात. छाटणीला भराभर उत्तर देतात. चिंचेसारखे बारीक पर्णिकांचे झाड तर ह्या कलेसाठीच घडवल्यासारखे आहे. पण प्रदर्शनांतून पुष्कळदा काय दिसते? तारेने फांद्या खाली ओढलेला, हिरव्या थरांचा त्रिकोण केलेला वड. ज्या वडाच्या सात पिढ्यांनी हिम पाहिलेले नाही त्याच्या फांद्यांवर हे ओझे कशाचे? तो पाइनचा पोशाख घातलेला वड आहे. कसब निर्दोष असते, नियम तंतोतंत पाळलेले असतात, आणि म्हणूनच तो अधिक केविलवाणा दिसतो.

वडाचा घाट उंचीत नाही, पसाऱ्यात आहे. त्याच्या पारंब्या जमिनीला लागून खोडे होतात आणि मूळ खोड कोणते हे शेवटी सांगता येत नाही. एकच पुढची बाजू आणि एकच शिखर मागणारा नियम अशा झाडाला जाचक होणारच. आपल्याकडे घाटांचे नमुने नाहीत असे नाही. किल्ल्यांच्या ढासळत्या तटात रुजलेला पिंपळ पाहावा. चिऱ्यांना मिठी मारून त्याची मुळे दोन-दोन पुरुष खाली उतरलेली असतात. जपानी मंडळी दगडावर झाड लावण्याच्या घाटाला खास मान देतात. तो आपल्या प्रत्येक गडावर फुकट पाहायला मिळतो. कोकणच्या समुद्रकड्यांवर खाऱ्या वाऱ्याने एकाच अंगाला झुकलेली झुडपे आहेत. पारावरचा वड आहे, ज्याच्या खालच्या फांद्या गावाने वाटेसाठी तोडल्या आणि सावलीसाठी वरच्या राखल्या. त्याच्या घाटात तर गावाचाच हात आहे. ही सारी कारणे आपली आहेत. त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय आपल्या कुंडीत आपले झाड उगवणार नाही.

परका घाट घेऊ नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. केशवसुतांनी सुनीत घेतले तेव्हा ते परकेच होते. चौदा ओळींची ती कुंडी इटली-इंग्लंडकडून आली, पण तिच्यात मराठी वृत्ताची माती पडली आणि मराठी मनाने तिच्यात मूळ धरले, तेव्हाच सुनीत आपले झाले. ज्यांनी चौदा ओळी मोजल्या आणि तेवढ्यावर थांबले त्यांची सुनीते आज कोणी वाचत नाही. कुंडी उसनी चालते. कारण उसने चालत नाही.

७

शेवटी ह्या कलेचा एक विशेष असा आहे की, तिच्यामुळे कलाकृती म्हणजे काय ह्या आपल्या ठाम कल्पनेलाच धक्का बसतो. कविता लिहून होते, शिल्प घडवून होते. बोन्साय कधीच होत नाही. आज साधलेला समतोल चैत्रात नवी पालवी बिघडवते. गुंडाळलेली तार वेळीच काढली नाही तर ती सालीत रुतून कायमचा वण उठवते. एकदा घाट सापडला म्हणजे सुटलो, असे इथे नाही. तो दर ऋतूत पुन्हा शोधावा लागतो. आणि शोधणारा हातही एकच राहत नाही.

वॉशिंग्टनच्या त्याच संग्रहात एक पांढरा पाइन आहे. १६२५ सालापासून तो कुंडीत वाढतो आहे असे मानतात. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याच्या पिढ्यांनी तो सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला त्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर, एका भिंतीच्या आडोशाने तो वाचला. १९७६ साली अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानहून जी त्रेपन्न झाडे भेट गेली त्यांत मासारू यामाकींनी हे झाड दिले. त्याने हिरोशिमा पाहिले आहे ही गोष्ट मात्र तेव्हा उघड झाली नाही. २००१ साली यामाकींचे नातू झाड पाहायला आले तेव्हा ती संग्रहालयाला कळली.

ह्या झाडाचा कर्ता कोण? बोन्सायवर कलावंताची सही नसते. शिक्का असलाच तर कुंडीच्या तळाशी, कुंभाराचा. आपल्या जात्यावरच्या ओवीचीही हीच कथा आहे. पहिली ओळ कोणी जोडली, दुसरी कोणी सुधारली, कोणाला ठाऊक? प्रत्येकीने आपल्या गळ्यातून ती नेली आणि पुढच्या गळ्यात दिली. निर्मितीच्या अहंकारावर उभ्या असलेल्या आपल्या आधुनिक कलाविचाराला हे पेलणे जड जाते. पण ज्याला ही कला शिकायची आहे त्याला हे प्रथम पेलावे लागेल. त्याच्या हातून जे झाड घडेल ते पुरे झालेले पाहायला तो नसणार. ज्या झाडावर तो हात धरील ते त्याच्या आधी कोणीतरी अर्धे सोडलेले असणार.

तेव्हा शिकायचे ते काय, ह्या प्रश्नाला उत्तर असे: कातर हाती घेण्याआधी झाडाला विचारायचे की, तुला हे वळण कोणी दिले? झाड सांगेल ते ऐकायचे आणि जेवढे ऐकू आले तेवढेच ठेवायचे. एवढे ज्याला साधले त्याच्या तबकात वामन उभा राहील. बाकीच्यांच्या तबकात लहान झाड राहील; तेही हिरवेच असेल, पण त्याला पावले नसतील.